धोंड्याच्या महिन्यातलं इंग्रजी

केशरबाई खोटं बोलल्या ते विरजणापायी. शेजारची धुरपताबाई सकाळीच वाटी घेऊन आली, तेव्हा त्या मागे गोठ्यात होत्या आणि घरात होती त्यांची लेक सृष्टी.

"सृष्टे, इरजण दी गं जरासं," धुरपताबाई म्हणाली.

सृष्टीने दह्याचा चमचा वाटीत घातला. तोंडातून शब्द नाही.

"माय कुठं गेली?"

गोठ्याकडे बोट.

"आन् बाप?"

शेताकडे हात.

"आन् तुला काय झालं गं?"

यावर कुठे बोट दाखवावं हे सृष्टीला सुचेना, म्हणून ती नुसतीच हसली. धुरपताबाईचे डोळे बारीक झाले. विरजण मिळालं होतं, पण ती काही जागची हलली नाही.

सृष्टीला खरं तर काहीच झालं नव्हतं. ती परभणीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती, एवढंच. भाषा हाच मुख्य विषय घेतलेल्या मुलांसाठी विद्यापीठाची वरच्या दर्जाची एक इंग्रजी प्रावीण्य परीक्षा होती. वाचणं, लिहिणं, ऐकणं आणि बोलणं असे तिचे भाग. बोलणं सोडून बाकी सगळ्यांत सृष्टी हिवाळ्यातच चांगल्या गुणांनी पास झाली होती. बोलण्याच्या परीक्षेत मात्र ती परीक्षकांसमोर बसून 'गुड मॉर्निंग' म्हणाली आणि त्यानंतर थेट 'थँक यू' म्हणाली. मधल्या वेळात जे काही बोलायचं ते परीक्षकच बोलले. आता जूनमध्ये फेरपरीक्षा होती. बोरीच्या एका शाळेने इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, पण पास होऊन या, मगच वर्गावर जा, असं संस्थेने बजावलं होतं. नापास झाली तर जागा दुसऱ्या कुणाची आणि सृष्टी घरी. घरी बसलेल्या पोरीचं पुढे काय करतात, हे त्यांच्या पेडगावात कुणी कुणाला विचारत नाही.

या दुखण्याचं मूळ कॉलेजातच होतं. तिथे इंग्रजी मराठीतून शिकवत. इंग्रजी नाटकातला राजासुद्धा वर्गात मरताना मराठीत मरे. पण तिथल्याच गोपाळ सरांनी औषध मात्र जालीम दिलं. "परीक्षेपर्यंत मराठीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही," ते म्हणाले. "घरात, शेतात, एसटीत, सगळीकडं इंग्रजी. घ्या शपथ." ही शपथ त्यांनी मराठीत दिली आणि सृष्टीने मराठीत घेतली.

घरात ते निभावलं. केशरबाई चहाचं विचारीत, सृष्टी इंग्रजीत लांबलचक काहीतरी म्हणे, आणि उत्तर एवढं लांब आहे म्हणजे हवा असणार, असं समजून केशरबाई कप भरीत. वडील वैजीनाथ तर खूश होते. "म्हशीसंगं बी इंग्रजीच बोल," ते म्हणाले, "तिला बी कुठं मराठी समजतंय!" म्हैस मन लावून ऐकेसुद्धा. पण घराबाहेर चार बायांपुढे इंग्रजी पाजळायचं सृष्टीच्या जिवावर येई. लोक म्हणाले असते, शिकली आणि चढली. म्हणून तिने आपल्यापुरता तोडगा काढला. घरात इंग्रजी, बाहेरच्यांपुढे मुकी. विरजणाच्या वाटीपुढे तो तोडगा पहिल्यांदा कामाला आला आणि तिथेच बिघडला.

केशरबाई गोठ्यातून हात पुसत आल्या.

"केशर, पोरगी बोलंना गेलीय," धुरपताबाईने सुरुवात केली. "घसा बसला, का कुनी काय बोललं तिला? का..." आणि ती थांबली. त्या 'का'च्या पुढे एखादा मुलगा असतो, हे केशरबाईंना चांगलं माहीत होतं.

केशरबाईंनी घाईघाईने विचार केला. खरं सांगावं, तर संध्याकाळच्या आत गावभर होणार की केशरच्या पोरीला मराठी बोलायची लाज वाटायलीय. न सांगावं, तर त्याहून वाईट काहीतरी होणार. त्यांची नजर भिंतीवरच्या कालनिर्णयावर गेली आणि जीव भांड्यात पडला.

"मौन धरलंय तिनं," त्या म्हणाल्या. "धोंड्याचा महिना हाय न्हवं?"

दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्याला इकडे धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, आणि आपण स्वतः काहीतरी नेम धरायचा. कुणी चहा सोडतं, कुणी चपला. मौन धरणारं माणूस मात्र गावात आजवर कुणी पाहिलं नव्हतं, बायकांत तर नाहीच. धुरपताबाईने वाटी खाली ठेवली आणि नातवंडं असलेली ती बाई वाकून सृष्टीच्या पाया पडली.

"आमी चहा सोडून दोन दिसांत बेजार झालाव," ती म्हणाली, "आन् ह्या लेकरानं तोंडच बंद केलं! धन्य हाय माय तुजी."

सृष्टी आईकडे पाहत राहिली. तिच्या मनात बरंच काही होतं, पण ते मराठीत होतं आणि मराठीची शपथ होती.

वैजीनाथ दुपारी शेतातून आले, तेव्हा त्यांना हे कळलं. "खोटं कामून बोललीस?" म्हणून ते बायकोवर डाफरले. संध्याकाळी मात्र ते मारुतीच्या पारावर गेले, आणि तिथे रोज बसणाऱ्या सितारामने सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला. "वैजीनाथ, पोरगी लय गुनाची निगाली. शिकून बी संस्कार सोडले न्हाईत." त्यावर वैजीनाथ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमच्या घरात पयल्यापासून तसंच वळण हाय." घरी आल्यावर त्यांनी लेकीला सांगितलं, की आता महिनाभर गुमान राहा.

झालं ते असं. ज्या पोरीला महिनाभर अखंड बोलायचं होतं, तिची वाचा घरातही बंद झाली. कारण दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. मौनातल्या कुमारिकेला हळदकुंकू लावलं की पुण्य लागतं, असं धुरपताबाईने परस्पर जाहीर केलं होतं. सृष्टी आरशासमोर बसून स्वतःची ओळख इंग्रजीत सांगायला लागली, की केशरबाई धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवीत. "बोलू नगं माय, बाया आल्यात दारात!" ती शेतात जाऊन बोलू म्हणाली, तर धुरपताबाई सोबतीला. मौनातल्या पोरीला एकटं कसं सोडायचं? एसटीत कंडक्टरने विचारलं, तर मागून कुणीतरी ओरडे, "मौन हाय तिचं, परभनी द्या एक!" एकदा ती कशीबशी कॉलेजपर्यंत पोचली, तर सर नव्हते. गोपाळ सर कुणाचे तरी जावई होतेच. ते सासुरवाडीला धोंडे खायला गेले होते आणि त्यांच्या बायकोला चुलतेही बरेच होते.

परीक्षा जवळ येत होती आणि सृष्टीला रडू येत होतं. तेही तिने आवाज न करता उरकलं.

पण न बोलणारं माणूस ही गावात फार मोलाची चीज असते, हे हळूहळू तिच्या ध्यानात आलं. बाया कुंकू लावत, टेकत, आणि बोलायला लागत. "तू काय कुनाला सांगनार न्हाईस," अशी सुरुवात करून सुनेचं सांगत, सासूचं सांगत, नवऱ्याने कुठे काय दिवे लावले ते सांगत. सृष्टीला उत्तर देता येत नव्हतं. करायचं काय, म्हणून ती समोरची बाई बोलत असताना तेच सगळं मनातल्या मनात इंग्रजीत करायला लागली. पहिले काही दिवस बाई उठून गेली तरी तिचं वाक्य संपत नसे. मग ती बाईच्या बरोबरीने चालू लागली. पुढे पुढे तर बाईचं पुढचं वाक्य तिला आधीच कळू लागलं, कारण सगळ्यांचं दुःख थोड्याफार फरकाने सारखंच होतं.

एके दुपारी धुरपताबाई आली, दार लोटून घेतलं आणि जवळ येऊन बसली.

"सृष्टे, जावई येनार हाय माजा, पूर्नेहून. शिवप्रसाद. रेल्वेत हाय, तुला तर म्हाईतच हाय." तिने आवाज उतरवला. "एक गोष्ट काळजावर हाय बग. आजवर कुनाला बोलले न्हाई. मला आनारसे येत न्हाईत."

सृष्टीचे डोळे मोठे झाले. धुरपताबाईचे अनारसे म्हणजे पंचक्रोशीत शेवटचा शब्द. गावातल्या लेकीसुना तिच्याकडून शिकलेल्या.

"सांगायला समदं येतंय," धुरपताबाई म्हणाली. "तांदूळ किती भिजवायचा, गूळ किती, खसखस कोन्या अंगाला. मी सांगितलेल्या पोरींचे जमतेत. माजाच मेला तुपात सोडला की हसतोय. निस्ता भुगा! म्हनून मी परभनीच्या दुकानातून आनते आन् घरच्या डब्यात भरते. जावयाला बी तेच, गावाला बी तेच. धोंड्याच्या महिन्यात पाप नगं, म्हनून तुज्याजवळ वकले." मग तिने डोळे पुसले आणि हलकी होऊन घरी गेली.

फेरपरीक्षेची तारीख नेमकी याच महिन्यात पडली. धुरपताबाईला ते कळताच तिने पदर खोचला. "मी येते संगं. तिथं कुनी हिला बोलाया लावलं तर? इतक्या दिसांचं पुन्न वाया जाईल." परीक्षा म्हणजे लिहायची असते, हे ती धरूनच चालली होती. परीक्षाच बोलण्याची आहे, हे सांगायची केशरबाईंची छाती झाली नाही. धुरपताबाईने परीक्षेच्या साहेबाला द्यायला म्हणून अनारशांचा डबाही घेतला.

कॉलेजात बोलावणं येईपर्यंत दोघी बाकावर बसल्या. तेवढ्यात धुरपताबाईने दारातल्या शिपायाला गाठलं. "दादा, आत सांगून ठेवा. ह्या पोरीचं मौन हाय. काय इचारायचं ते लिहून इचारा, ती लिहून दील." शिपाई कर्तव्यदक्ष निघाला. सृष्टी उठून त्याला अडवेपर्यंत तो आत जाऊन सांगून आलासुद्धा.

सृष्टी आत गेली. समोर एक परीक्षक मॅडम आणि एक चष्मेवाले सर होते. मॅडमच्या हातात पेन होतं.

"तुमचं मौन आहे म्हणे," मॅडम म्हणाल्या. "मग बोलण्याची परीक्षा कशी देणार? गैरहजर लावते मी."

पेन कागदाला टेकलं. त्या पेनाच्या टोकाशी बोरीची शाळा होती, सगळं आयुष्य होतं, आणि ते सृष्टीला लख्ख दिसलं.

"नो, मॅडम!" ती इतक्या जोराने म्हणाली, की सरांचा चष्मा नाकावरून घसरला.

"मग हे काय आहे सगळं? एक्सप्लेन," मॅडम म्हणाल्या.

आणि सृष्टीने एक्सप्लेन केलं. इतके दिवस आत साठलेलं इंग्रजी बांध फुटल्यासारखं बाहेर आलं. गोपाळ सरांची शपथ, विरजणाची वाटी, आईचं खोटं, वडिलांचं वळण, पाया पडणाऱ्या बाया, आणि डोळे पुसणारी धुरपताबाई. तिने कुणाला नावं ठेवली नाहीत. जसं ऐकलं होतं तसंच सांगितलं, फक्त इंग्रजीत. व्याकरणाकडे लक्ष द्यायला तिला वेळच नव्हता. सर चष्मा काढून डोळे पुसत होते आणि मॅडमनी हसू दाबायला पदर तोंडाशी धरला होता. वेळ संपल्याची घंटा झाली, तर मॅडम म्हणाल्या, "घंटेचं राहू द्या. देन? व्हॉट हॅपन्ड टू द सन-इन-लॉ?"

बाहेर बाकावर धुरपताबाई आधी ताठ बसली. "अगं माय, पोरगी बोलायलीय की!" म्हणत ती दाराशी गेली. इंग्रजी आहे एवढं तिला कळलं, बाकी काही नाही. मग त्या इंग्रजीतून 'धुरपताबाई' असं स्वच्छ ऐकू आलं. थोड्या वेळाने 'अनारसे' ऐकू आलं. मग पुन्हा दोन्ही पाठोपाठ, आणि वर आतून हसण्याचा आवाज. धुरपताबाई परत येऊन बाकावर बसली आणि तिने डबा पदराखाली घेतला.

सृष्टीच्या पाठोपाठ मॅडमही बाहेर आल्या. त्यांचं लक्ष पदराखालच्या फुगवट्याकडे गेलं. "काय आणलंय, मावशी?" त्यांनी विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. धुरपताबाईने डबा पुढे केला. मॅडमनी एक अनारसा उचलला, खाल्ला आणि हसू दाबत मान डोलावली.

"छान जमलेत. पीठ किती मुरवलंत?"

"ते करनाऱ्याला ठावं," धुरपताबाई म्हणाली आणि झाकण लावलं.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. सृष्टीला आता आनंदही होत नव्हता. आपण त्या बाईचं गुपित परक्या माणसांना सांगून हसं केलं, याची तिला मनापासून शरम वाटत होती. आणि गावात उतरल्यावर धुरपताबाई काय करील, याची भीती त्याहून मोठी. शपथ परीक्षेपुरतीच होती; शेवटी तिने मराठीत तोंड उघडलं.

"मावशी, माझं चुकलं. मी..."

"गप," धुरपताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मौन हाय तुजं."

फाट्यावर निम्मं गाव उभं होतं. परीक्षा तोंडी असते, ही बातमी मधल्या काळात कुणीतरी आणली होती. केशरबाई कोपऱ्यात पदर चावत होत्या आणि वैजीनाथ आभाळाकडे बघत होते.

"काय धुरपताबाई," सितारामने विचारलं, "पोरगी तिथं बोलली म्हनं. मंग मौन मोडलंच की!"

धुरपताबाईने सृष्टीकडे एकदा पाहिलं. मौन मोडलं म्हणावं, तर पोरगी आजपासून मराठी बोलायला मोकळी.

"मोडलं कसं?" ती कडाडली. "इंग्रजीत बोलली ती. इंग्रजी बोलणं म्हंजी काय बोलणं असतंय व्हय? कुनाला काय कळलं त्यातलं? मी दाराला कान लावून व्हते, मला एक अक्षर कळलं न्हाई. एक अक्षर!"

हे सगळ्यांना पटलं. खरंच, कळलंच नाही तर ते बोलणं कसलं? तेव्हापासून महिना संपेपर्यंत सृष्टी गावात, पारावर, विहिरीवर मोठ्याने इंग्रजी बोलत हिंडली आणि लोक 'मौन किती कडक पाळायलीय' म्हणून हात जोडत राहिले. केशरबाईंनी तेवढा कपाळावर हात मारून घेतला. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तरी चाललं असतं.

महिन्याअखेरीला निकाल लागला. सृष्टी पास झाली, आणि बोलण्यात पहिली आली. सासुरवाडीहून अंगाने भरून आलेले गोपाळ सर सगळ्यांना सांगत होते, की शपथेचा गुण आहे.

पण वैजीनाथांचं घोडं आता बोरीवर अडलं. "रोज येनं-जानं जमायचं न्हाई. आन् ऱ्हायचं मंजी एकटी पोरगी कुनाकडं ठिवायची?" असं ते म्हणत असताना धुरपताबाई आत आली. ही बाई आजवर कुणाचीही मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, की आठवडाभर बोटं मोडायची.

"माजी नणंद हाय की बोरीला," ती म्हणाली. "खोली रिकामीच हाय. मी बोलून बी आले. पोरीनं तिथंच ऱ्हावं, सनावाराला बी कशाला हेलपाटे मारायचे?"

"तुमी म्हनताव हे, धुरपताबाई?" केशरबाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"मीच म्हनते. शिकलेल्या पोरीला गावात कोंडून ठिवू नये." धुरपताबाईचा शब्द पडला आणि वैजीनाथांना नाही म्हणायला जागा उरली नाही.

निघायच्या दिवशी धुरपताबाई फाट्यावर सगळ्यांच्या आधी हजर होती. आईबाप सामान चढवण्यात गुंतलेले पाहून तिने सृष्टीला बाजूला घेतलं आणि एक जड पिशवी तिच्या हातात दिली.

"आनारशाचं पीठ हाय," ती पुटपुटली. "तिथं वळखीचं कुनी न्हाई. निवांत तळून बग. न हसता जमला, तर काय केलंस ते मला फोनवर सांग."

"नक्की सांगते, मावशी."

धुरपताबाईने मागे वळून केशरबाईंचा अंदाज घेतला. "आन् मी फोनवर 'कोन बोलतंय, कोन बोलतंय' असं केलं, तर समज, जवळ कुनीतरी हाय," ती म्हणाली. "मंग आपलं इंग्रजीत सांग."